इसहाकची आई

इसहाकची आई बोलायच्या आधी हसायची. उदगीरला मिशनच्या कुंपणाला लागून तिचं घर आणि भिंतीला भिंत आमचं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा पलीकडचं ते हसू ऐकून वाटलं, ही बाई माझ्याच भाकरीला हसून राहिली की काय!

चाळिशी उलटल्यावर तिला दिवस गेले होते. बायका पदराआड हसल्या, तर ही त्यांच्याहून मोठ्यानं हसली म्हणे. पाद्रीबाबांनी पोराचं नाव इसहाक ठेवलं आणि त्याचा अर्थ सांगितला, हसणं. पोर रुसलं, नापास झालं की ती म्हणायची, "नावाला जाग की रे! हसायसाठी ठेवलंय तुला." मग तो लाजत का होईना हसायचाच. तिचं स्वतःचं नाव आम्हांला कधी कळलं नाही. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावानंच हाक मारतात.

बहात्तरच्या दुष्काळात इसहाक तलावाच्या कामावर गेला. मातीची दरड अंगावर कोसळली आणि सगळं संपलं. त्यानंतर तिला हाक कशी मारायची, हेच गल्लीला कळेना. आम्ही नुसतं "अहो बाई" म्हणू लागलो. एक दिवस तिनं मला उंबऱ्यातच अडवलं.

"बाई कोण गं? मी इसहाकची आई हाय. तुमीबी नाव घेतलं न्हाई तर त्याचं नाव घेणार कोण?"

मग पाण्याला जाताना, विरजण मागताना आम्ही मुद्दाम ते नाव घेत राहिलो. तिचं हसू मात्र पुन्हा ऐकू आलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास तिला विसर पडू लागला. आधी चूल विसरली, मग माणसं, आणि शेवटी पोराचं मरणही. दुसऱ्या कुठल्याच हाकेला ती ओ देईना. "इसहाकची आई" म्हटलं की दाराकडे बघायची, "आला का गं?" एकीनं खरं सांगितलं, तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे डोळे. बायकांनी येणंच सोडलं. मला ते जमलं नाही.

शेवटच्या आजारात मी पेज घेऊन बसले होते. "इसहाकची आई, तोंड उघडा."

"आला का गं?"

"येऊन राहिलाय," मी म्हणाले. "तलावावरनं निघालाय."

ती हसली. तेच भिंतीपलीकडचं हसू. मी तोंड फिरवून रडले.

त्याच आठवड्यात ती गेली. ते नाव अजून माझ्या ओठांवर येतं, पण आता त्या हाकेला ओ देणारं कुणी नाही.