खोळीतला सूक्ष्मदर्शक

आमच्या कॉलेजात एकच सूक्ष्मदर्शक होता आणि तो वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या कुलपात राहायचा. प्रॅक्टिकलच्या तासाला सर तो टेबलावर मांडत, मखमली खोळ तशीच ठेवत आणि फळ्यावर कांद्याच्या पेशी काढत. "यात असंच दिसते. उतरून घ्या." कोणी जवळ सरकलं की, "हात नोको लावू बे, बिघडन." दोन वर्षांत आमच्या हाती कांदा आला तो मेसच्या ताटातलाच.

खोळ निघायची ती खंडेनवमीला. सर सोवळं नेसून यंत्राची पूजा करत आणि भक्तिभावानं थेट भिंगावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवत.

एकदा दसरा झाल्यावर विद्यापीठाचे पाहुणे तपासणीला आले. सरांनी खोळ काढली, डोळा लावला आणि ऐटीत म्हणाले, "वा, पेशी कशा साफ दिसून राह्यल्या."

मग पाहुणे वाकले. त्यांना काहीच दिसेना. त्यांनी भिंग रुमालानं पुसलं, तर रुमाल लाल झाला.

सर जराही ओशाळले नाहीत. आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा साहेब, म्हनूनच मी या पोरायले हात लावू देत नाही."