कोंबडा तिच्या मांडीवर

आमचा कोंबडा लंगडतो आहे हे मला माझ्या जावेनं सांगितलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

कोंबडा माझा होता. त्याच्या आईला मुंगसानं नेलं तेव्हा डाल्याखाली एवढं एकच पिलू जिवंत उरलं होतं. ते मी स्वयंपाकघरात आणलं, टोपलीत चिंध्या घालून ठेवलं, वर बल्ब लोंबकळत सोडला आणि ज्वारीच्या कण्या भिजवून बोटानं चारल्या. मी भाकरी थापायला बसले की ते माझ्या पदरात शिरून झोपी जायचं. नवरा हसायचा. "याले शायेत कवा घालतं?" म्हणायचा. पुढे पिलाचा चांगला दांडगा कोंबडा झाला. तांबडा, मानेवर सोनेरी, शेपटीत हिरवट काळी झाक. आमचं गाव मारेगावच्या बाजूला आहे. तिथं रस्त्यानं जाणारा माणूस त्याला बघायला थांबायचा, आणि मी उगाच काहीतरी काम काढून दारात उभी राहायची.

मग थोरले भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, राजूरकडच्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले आणि जाऊ कायमची गावी राहायला आली. घर एकच, दारं दोन, मागचं आवार सामाईक. तिला मी बाई म्हणते. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण बाई बोलायला मऊ, हाताला चव, आणि कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते तिला आधी कळायचं. महिन्याभरात गल्लीतल्या बाया माझ्या ओट्यावरून उठून तिच्या ओट्यावर बसायला लागल्या. तेही मी गिळलं असतं. पण कोंबडाही जाऊन बसला.

ती त्याला भिजवलेले हरभरे घालायची. मीही घालून पाहिले. मी टाकले की तो हरभऱ्यांकडे बघायचा. ती टाकायची तेव्हा तो आधी तिच्याकडे बघायचा. हे कुणाला सांगायला गेलं तर वेड्यात काढतील, म्हणून मी सांगितलं नाही. पण मला ते रोज दिसायचं.

कापसाची वेचणी जोरात होती. त्या दिवशी शेतातून येऊन मी पाय धूत होते, तर बाई तिच्या ओट्यावरून म्हणाली, "हा उजवा पाय नीट टेकवून नाही राह्यला. तुले समजलं नाही काय?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा ओवायचा तर मला हाक मारायची. मी विचारलं, तुम्हाला कसं दिसलं? ती म्हणाली, दिसलं नाही, ऐकू आलं. ओट्यावर चालताना त्याच्या नखांचा आवाज बदलला होता. मी वाढवलेल्या कोंबड्याचा आवाज तिला कळला होता, मला नाही. त्या संध्याकाळी वरणात मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पकडून नीट पाहिलं. दोन्ही पायांवरची खवलं उचकटून उभी राहिली होती आणि खाली पांढरी पूड साचली होती. त्याहून वाईट म्हणजे पायाच्या मागचा काटा. डावा बरा होता, उजवा मात्र वाढून बोकडाच्या शिंगासारखा वळला होता आणि त्याचं टोक त्याच्याच पायात रुतत होतं. तो वर चढताना त्या काट्यांनी परसातल्या कोंबड्यांच्या पाठीही सोलल्या होत्या. तांबड्या कोंबडीच्या पाठीवर तर पीसच उरलं नव्हतं. मी पायांचा मोबाइलवर फोटो काढला आणि मारेगावला जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. खवलांखाली बारीक किडे शिरतात; पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचे, जुन्या दातब्रशनं हलके घासायचे, कोरडे करून तेल किंवा पेट्रोलियम जेली जाड थापायची, म्हणजे किडे गुदमरतात. काही आठवडे सोडायचं नाही. खुराड्यातल्या बसायच्या काठ्याही साफ करायच्या. रॉकेल लावू नका, कातडी जळते. काट्याचं टोक तेवढं करवतीच्या बारीक पातीनं कापायचं आणि कानशीनं गोल करायचं. बुडाशी जायचं नाही, आत जिवंत मांस असतं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरायची. शेवटी ते म्हणाले, एकट्यानं जमणार नाही, धरायला कुणीतरी हवं.

बसमध्ये मी त्याच एका वाक्याचा विचार करत आले. नवऱ्याला विचारलं. तो दिवसभर शेतात, आणि खरं सांगायचं तर कोंबड्याला भ्यायचा. भासऱ्यांना असलं काम सांगायची आमच्यात रीत नाही. राहिली बाई.

मला वाटलं होतं, मी धरेन, ती पाय बघेल. पण ती सरळ म्हणाली की तिला काट्याचं टोक दिसायचं नाही, भलतंच कापलं जाईल. खरं होतं ते. तिनं जुना दुपट्टा आणला, कोंबड्याला पंखांसकट गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. त्याचं डोकं तिनं पदराखाली झाकलं. तो शांत झाला. मी खाली पाटावर बसले, हातात पात.

"भेऊ नको राजा," ती त्याला म्हणाली. "मी हाओ इथं."

मी पहिली पात ओढली आणि तो असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बाई त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मी कापत राहिले. टोक पडलं, मग कानस. एका जागी रक्ताचा थेंब आला. मी तुरटी दाबली तेव्हा त्यानं पदराखालून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. पक्ष्याच्या डोळ्यात काय असतं मला माहीत नाही. मी तुरटी तशीच दाबून धरली.

मग रोज संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरायच्या वेळी, हाच कार्यक्रम. पाणी मी तापवायची, ब्रश माझ्या हातात, तेल माझ्या हातात, चोचीचे टोचे माझ्या मनगटावर. बाई नुसती धरून बसायची आणि त्याच्याशी बोलायची. तिला झालेली नातवंडं, तिच्या माहेरची विहीर, काय वाट्टेल ते सांगायची त्याला. मी दिसले की तो आता परसाच्या दुसऱ्या टोकाला पळायचा, ते थेट तिच्या दारात. एकदा मी रिकाम्या हातानं, नुसती धुणं वाळत घालायला गेले, तरी पळाला. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, बाईनं कोंबड्याचं केवढं केलं. मी हातातलं धुणं पिळत राहायची.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, दुखवायचं मी आन् गोंजारायचं तुमी. त्याले काय कळणार?"

ती म्हणाली, "मले दिसलं असतं तर मी कापलं असतं. मले दिसत नाही. मी काय करू?"

मी ब्रश धुतला आणि आत गेले.

पाय सुधारले. जुनी खवलं गळून खालून पिवळी, गुळगुळीत नवी आली. काट्यानं केलेली जखम भरली. तांबड्या कोंबडीच्या पाठीवर बारीक पिसं फुटली. कोंबडा पुन्हा दोन्ही पायांवर उभा राहून आरवायला लागला, तोही बाईच्या ओट्याच्या कठड्यावरून.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी यवतमाळला लेकीकडे गेली. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे मुक्काम लांबणार होता. मी तिला एसटीत बसवून आले. परत येताना मी मनातल्या मनात खूश होते, आणि तिच्या डोळ्यांसाठी देवाला हातही जोडत होते. दोन्ही खरं होतं. मला वाटलं, आता तो येईल. हरभरे भिजवले. ओट्यावर बसले. तो बाईच्या बंद दारासमोर जाऊन उभा राहायचा, मान वाकडी करून आतला कानोसा घ्यायचा. मी हरभरे टाकले की खायचा, अंतर राखून. कितीतरी दिवस हेच चाललं. शेवटी मी हरभरे तिच्या दारासमोरच टाकायला लागले, कारण तिथं तरी तो निवांत खायचा.

बाई परत आली ती काळा चष्मा लावून. पुढे चष्मा उतरला आणि तिला सगळं दिसायला लागलं. भिंतीवरचं जाळं, माझ्या केसांतलं पांढरं, तांदळातला खडा. कोंबड्याचा डावा काटाही तिनंच पाहिला. तो आता टोकदार झाला होता. ती घरात गेली, दुपट्टा घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.

"आता तू धर त्याले," म्हणाली. "दे इकडे कानस. मी करतो."

मी इतके दिवस हेच मागत होते. आणि माझा हात पुढे झालाच नाही. ते काम मला येत होतं. किती कापायचं, कुठं थांबायचं, रक्ताच्या आधी काट्याचा रंग कसा बदलतो, हे माझ्या बोटांना कळलं होतं. कोंबडा तिचा झाला होता, आता हेही तिचंच व्हायचं? मी म्हणाले, तुम्हाला डॉक्टरनं खाली वाकायला मना केलंय. ते खरंच होतं, पण मी त्यासाठी म्हटलं नव्हतं. तिनं माझ्याकडे नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं, आणि दुपट्टा मांडीवर पसरून बसली.

त्याच आठवड्यात खालच्या आळीतली एकजण काखेत कोंबडा घेऊन आली. त्याच्याही पायांना तेच झालं होतं. ती जावेच्या ओट्यासमोरून सरळ पुढे आली आणि माझ्या दारात थांबली. तिनं ऐकलं होतं की काट्याचं काम मला जमतं. मी कोंबडा हातात घेऊन पाय पाहत होते, तेव्हा बाई आपल्या दारातून म्हणाली, "आता सारा गाव तुलेच बोलावते."

तो आवाज मी ओळखला. इतके दिवस तो माझ्याच पोटात होता. मला बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग? मी तिला म्हणाले, पाणी तापवते, तुम्ही धरायला या.

"लोकाचा कोंबडा धराले मी कायले येऊ?" ती म्हणाली.

मी चूल पेटवेपर्यंत ती दुपट्टा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली होती.