देव्हाऱ्यात बसलेलं अमेरिकन नाणं

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन न्हाई.

माझ्याकडचं दोनशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन तांब्याचं नाणं तुम्ही आपल्या नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटोत पाहिलंय. त्यावरच्या बाईचा चेहरा झिजून सपाट झालाय. केस तेवढे उजेडात तिरपं धरलं की दिसतात. पण रंग अस्सल, जुना तपकिरी. इतक्या झिजलेल्या नाण्याची सगळी किंमत त्या रंगावरच असते.

ते टेबलावर ठेवून मी परतूरच्या बाजारात गेल्तो. आलो तर नाणं जागेवर न्हाई!

आईनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. घरच्या देवांच्या टाकांशेजारी माझं नाणं! चिंच-मिठानं घासून लखलखीत केलेलं, वर हळद-कुंकू.

"आई, काय केलं हे!"

"देवीचा टाक असा उघड्यावर ठेवतेत का?"

"देवी न्हाई ती. अमेरिकेचं नाणं आहे."

"मंग चेहरा कसा गेला? पुजल्याबिगर इतकं झिजत न्हाई."

तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालून राह्यलो. तो तपकिरी रंग आता परत येणार न्हाई, अन् आई नाण्याला हात लावू देईना.

उद्या आपल्याच ग्रुपातला एक जण नाण्याची प्रत ठरवायला येतोय. त्याला काय सांगू, आधी पाय धुऊन ये?