घडात केळी किती?

आमच्या शेजारचे नाना केळीचे घड कापतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट फणीत मोजतात. लग्नाला किती माणसं होती विचारलं, तर म्हणतात, "असतील दहा-बारा फण्या."

त्यांच्या दुसरीतल्या नातीच्या गणिताच्या पुस्तकात सहा केळ्यांचं चित्र आहे. खाली प्रश्न, घडात केळी किती? तिनं लिहिलं, दीडशे. बाईंनी फुली मारली आणि पोरगी शाळेत जाईना.

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. म्हणून नानांनी मलाही शाळेत सोबत नेलं. एका हाताला नात, खांद्यावर अख्खा घड. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "मोजा, बाई."

पोरंच धावली. फणी फणी करत मोजलं, बोटं संपली तशी शेजाऱ्याची घेतली. एकशे शेहेचाळीस.

नात चिडली. "नाना, बारका घड का आणला?"

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे हो. पण दुसरीला शंभराच्या पुढे नाहीच, आणि पुस्तकात सहाच आहेत."

पदवी असून मीही मान डोलावली.

नानांनी विळ्यानं सहा केळी कापून पुस्तकावर ठेवली आणि उरलेला घड पोरांपुढे सरकवला. "हाई पुस्तकनं. बाकी बठ्ठं पोरेसनं."

नात पहिल्या बाकावर जाऊन बसली.