बेबीताईंनी पगार मागितला

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात बिलं आणि हजेरी लिहायच्या कामावर माझा पहिलाच दिवस होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेडमधून भांडणाचा आवाज आला. "शेठ, तीन हंगाम झाले, आता पगार वाढवा!" मी धावत गेले. आत शेठ नव्हतेच. रांगेने मांडलेल्या शे-दीडशे मूर्ती आणि त्यांच्यापुढे पोत्यावर मांडी घालून बसलेली, हातभर हिरव्या बांगड्यांची एक काळीसावळी बाई. मला बघून ती जराही लाजली नाही. म्हणाली, "तालीम करते. यांना कान हायत मोठे, डोळे अजून काढले नायत. आयकतील सगळा, पण कोण बोलतंय ते बघणार नायत. म्हणून बरा वाटतो."

ह्या बेबीताई. जवळच्या कातकरवाडीतून पायी येत. आल्या होत्या मूर्ती घासायच्या कामाला. पण जुन्या कारागिराचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी गंमत म्हणून एका मूर्तीचे डोळे काढले आणि शेठ बघतच राहिले. तेव्हापासून मोठ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे आली. पगार मात्र हेल्परचाच राहिला. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघा पुरुषांना त्याच्या दुप्पट मिळायचा.

शेठ तसे भले. आपण जातपात मानत नाही असं सांगून झालं, की चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "पण कातकऱ्याच्या हातात जास्त पैसा गेला, की दुसऱ्या दिवशी तो कामावर दिसत नाय." मी मान खाली घालून बिलं करत राहायचे. हजेरीचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं, तरीही. आता मी माझ्या गावी, रोह्यातच एका कंपनीत असते, पण त्या गप्प बसण्याची लाज अजून गेलेली नाही.

मी रोह्याच्या शिक्षकाची मुलगी, चार पुस्तकं शिकलेली. त्यामुळे पगार कसा मागायचा ते बेबीताईंना शिकवण्याचा मक्ता आपसूकच माझ्याकडे आला. "ताठ उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची, मुद्द्याचं आधी बोलायचं." त्या मन लावून ऐकायच्या. पहिल्यांदा केबिनमध्ये गेल्या आणि नवा ब्रश घेऊन बाहेर आल्या. "मॅडम, तोंडातून पगार निघालाच नाय, ब्रश निघाला!" दुसऱ्या खेपेला पंखा निघाला. सगळ्या शेडला वारा मिळाला आणि बेबीताई पदरात तोंड खुपसून हसत बसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "त्या खुर्चीसमोर हुभी राहिली ना, की मी आखणीवाली राहत नाय, वाडीवरची होते. हितं पोत्यावर बसली की लय मोठी हाय मी."

म्हणून तिसऱ्या खेपेला त्या केबिनमध्ये गेल्याच नाहीत. पुण्याच्या गिऱ्हाइकाची मोठी मूर्ती होती, तिची आखणी बघायला शेठ स्वतः शेडमध्ये आले. आखणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, आणि एकाने काढलेल्या डोळ्याची जोडी दुसऱ्याने काढायची नाही, कारण मग नजर जुळत नाही, अशी आमच्याकडची रीत. बेबीताईंनी श्वास रोखून उजवा डोळा काढला आणि ब्रश वाटीत ठेवला.

"शेठ, दुसरा मी काढणारच. देवाला काणा ठेवणार नाय. पण त्याच्या आधी माझा आयका. मला आखणीचा दर पायजे."

शेठ एकदा बेबीताईंकडे, एकदा एका डोळ्याच्या गणपतीकडे बघत राहिले. मग नेहमीचंच म्हणाले, "अगं, तुम्हा लोकांच्या हातात पैसा आला की दुसऱ्या दिवशी..."

"मॅडम, हजेरी वाचा," बेबीताई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टर आणलं आणि तीन हंगामांतले पगाराच्या दुसऱ्या दिवशीचे खाडे मोठ्याने वाचले. बेबीताईंचा एकही नव्हता. त्या दोघा पुरुषांचे वाचताना मात्र मला पान उलटावं लागलं. शेडमध्ये खसखस पिकली. दोघांतला एक शेठचा सख्खा मेहुणा, तो हळूच मूर्तीमागे सरकला. शेवटी शेठनाही हसू आवरेना. "बरं बाई, दिला तुला आखणीचा दर."

"आनि रजिस्टरात हेल्पर लिवलाय, तो खोडा."

मी तिथल्या तिथे खोडलं. मग त्यांनी डावा डोळा काढला. हात जराही हलला नाही. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशीचं एकही बिल धड झालं नाही.

संध्याकाळी एसटीच्या थांब्याकडे जाताना त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी पगार मागितलात तवा लय तालीम केली असंल ना?"

मी खरं ते सांगितलं. शेठ माझ्या वडिलांचे विद्यार्थी. एकदा चहा पिताना मी सहज म्हणाले, रोह्याहून यायला भाडं फार पडतं. "सरांची मुलगी तू, मागायचं काय त्यात," म्हणून त्यांनी पुढच्याच महिन्यापासून पगार वाढवला. मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

बेबीताई रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"म्हंजे तू अजून कदी मागितलाच नाय!" मॅडमची मी पहिल्यांदाच 'तू' झाले होते. शेजारची जागा पदराने झटकत त्या म्हणाल्या, "बस हितं. मी शिकवते."