खांबाची आरती

विजेच्या लोखंडी खांबावर कुंकवाचा लाल टिळा, आणि खाली भेगाळलेल्या जमिनीत ताटाएवढा ओला गोल — दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात ओलं दिसणारं तेवढंच एक ठिकाण. त्या मातीचा वास घ्यायला आम्ही पोरं खांबाशी घुटमळायचो, लोखंडाला कान लावायचो, आणि आत भुंगा कोंडल्यासारखी गुणगुण ऐकू यायची…

दुष्काळी पट्ट्यातल्या वाशीकडचं आमचं लहानसं गाव. सोसायटीची पिठाची गिरणी नुकतीच बसली होती, पण वीज इतकी मंद की दिवा विझत्या निखाऱ्यासारखा जळायचा आणि गिरणीचा पट्टा हलायचाच नाही. मग दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका सरकारनं परदेशातून आणलेली लाल मिलो ज्वारी जात्यावर दळत बसायच्या. माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, आमची काकी, तिच्या तळहातांवर फोडावर फोड आले होते. खुंटा धरताना ती दात आवळायची. ओव्या वगैरे काही म्हणायची नाही.

एकदा वायरमन आला. खांबाच्या बुडाशी पुरलेली तार दाखवून काकीला म्हणाला, "मावशी, जमीन वाळलीय. अर्थिंगला रोज पाणी घालत जावा, मंजी लाईट दमदार येईल."

अर्थिंग हा शब्द गावात कोणी ऐकलेला नव्हता. काकीला ऐकू आलं 'आरती'. तिला ते पटलंही — पाणी घालायचं तर पूजा आलीच. दुसऱ्या दिवसापासून कामावर निघण्याआधी ती आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर खांबाला घाली, कुंकू लावी, पाया पडे.

आई टोमणा मारायची, "माणसाला प्यायला न्हाय, अन् तू खांबाला पाजतीस व्हय?"

"खांब प्याला तर गिरणी दळंल, अक्का. न्हायतर बसा तुमी जात्यावर."

"अन् निवद?"

"त्यो पीठ आल्यावर."

आणि दिवे खरंच उजळले. पट्टा फिरू लागला, गरम पिठाचा वास गल्लीभर पसरला. काकी पिठाची पाटी डोक्यावर घेऊन हसत आली — तिला तशी हसताना मी फार वेळा पाहिलेली नाही. आरती पावली, असं गावानं ठरवून टाकलं.

मी एकदा चुलत्यांना विचारलं होतं, तारेवर होले बसतात, त्यांना काही का होत नाही? "पाखराला कशाची लाईट लागती?" म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

तारेतली वीज खांबात उतरू न देणारा वरचा चिनी मातीचा कप तडकला होता, हे मागाहून कळलं. त्या सकाळी काकीनं पाणी घातलं, त्याच चिखलात अनवाणी उभी राहिली आणि कुंकवाचं बोट खांबाला टेकवलं. तांब्या पडल्याचा आवाज तेवढा आला. चुलते धावले तसं आईनं त्यांना मागं ओढलं. वाळल्या काठीनं काकीला बाजूला केलं, तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

बायका म्हणाल्या, आरतीत काहीतरी चुकलं असणार… खांब कोपला.

होल्यांचं उत्तर मला फार उशिरा, नातीच्या शाळेतल्या धड्यातून मिळालं. त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून ते वाचतात. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं ते एवढंच. काकीचे पाय जमिनीवर होते, आणि ओले होते.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. तिचं कुंकू खांबावर तसंच राहिलं.