रमाबाईंचा खड्डा

राजापेठेत नाव होतं बापूसाहेब वकिलांचं, पण घरची भाजी यायची रमाबाईंच्या परसातल्या खड्ड्यावर, आणि बापूसाहेब सोडून साऱ्या आळीला हे ठाऊक होतं. देठं, संत्र्याच्या साली, चुलीची राख, सगळं खड्ड्यात. नहाणीचं पाणी अळूला. जुन्या लुगड्याची आधी गोधडी, मग पायपुसणं, शेवटी पोतेरं. दर सोमवारी माणिकबाई माळीण टोपलीत वांगी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्या घेऊन यायची आणि जाताना पैशांऐवजी तीच टोपली मुरलेल्या खतानं भरून न्यायची. "असं खत आमच्या वावरात बी नाई, वयनीबाई," म्हणायची. वकिलीणबाई म्हणवून घेण्यापेक्षा रमाबाईंना हे ऐकून जास्त धन्य वाटायचं.

बापूसाहेबांना मात्र खड्ड्याची लाज वाटे. लोक म्हणतील, वकील कवडीचुंबक आहे.

बासष्ट सालच्या सुमारास गावात स्वच्छता सप्ताह निघाला आणि 'घरोघरी खतखड्डा' या विषयावर बोलायला नेमके बापूसाहेब ठरले. अध्यक्ष नागपूरचे, आणि भाषणानंतर चहा वकिलांकडे. एवढा मोठा माणूस परसात बसणार म्हणून बापूसाहेबांनी पहिलं काम काय केलं? खड्डा बुजवला आणि वर शहाबादी फरशी घातली. अळूही गेलं. रमाबाई त्या दिवसापासून देठं-साली एका फुटक्या घमेल्यात साठवू लागल्या.

भाषण झकास झालं. राख, साली, नहाणीचं पाणी, सगळं त्यात आलं. घरची बाई तेवढी राहून गेली. पाहुणे भारावले. परसात चहा घेता घेता म्हणाले, वकीलसाहेब, आता तुमचा तो खड्डा दाखवाच.

बापूसाहेबांना ठसका लागला. रमाबाई चिवड्याच्या बशा घेऊन उभ्या होत्या.

"तुमची खुर्ची त्याच्यावरच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "परवाच बुजवला यांनी, तुम्ही येऊन राहिले होते म्हणून."

दुसऱ्या दिवशी कोर्टात जाण्याआधी बापूसाहेबांनी स्वतः पहार घेऊन चार फरश्या उखडल्या. सोमवारी माणिकबाईनं अळूचे कांदे आणून दिले. उखडलेल्या फरश्या टाकून द्यायच्या का, असं बापूसाहेबांनी जरा दबकतच विचारलं. टाकून देणं रमाबाईंना कुठलं जमायला! एक फरशी त्यांनी धुण्याला लावली, दोन नहाणीत बसवल्या, चौथी खड्ड्याशेजारी उभी करून ठेवली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा कोणी पाहुणे आले, तर झाकायला होईल."